एमजीबी : जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारची मालकी आणि निगा

ब्रिटनमधील ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन येथील कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात तयार झालेली एमजीबी ही जगातील सर्वाधिक परिचित जुन्या स्पोर्ट्स कारपैकी एक मानली जाते. अठरा वर्षांत पाच लाखांहून अधिक गाड्यांची निर्मिती झाली. उत्पादन थांबून चार दशकांहून अधिक काळ लोटला असला, तरी यांपैकी बऱ्याच गाड्या आजही रस्त्यावर आहेत. अशा गाडीची मालकी कोणती जबाबदारी आणते, तिची निगा कशी राखली जाते आणि तिचे आयुष्य नेमके कशावर अवलंबून असते, याचा हा आढावा.

जुन्या गाडीचे इंजिन हेच तिचे सर्वस्व, असा सर्वसाधारण समज आहे. एमजीबीच्या बाबतीत तो खरा नाही. तिचे इंजिन साधे असून ते पुन्हा पुन्हा दुरुस्त करता येते. गाडीचे भवितव्य ठरते ते तिच्या पत्र्यावर आणि तो गंजापासून वाचवण्यासाठी मालकाने दिलेल्या लक्षावर.

पार्श्वभूमी

एमजी हे नाव ऑक्सफर्डमधील 'मॉरिस गॅरेजेस' या व्यवसायावरून पडले. उद्योगपती विल्यम मॉरिस यांच्या या संस्थेचे व्यवस्थापक सेसिल किंबर यांनी १९२० च्या दशकात साध्या मॉरिस गाड्यांवर आधारित वेगवान गाड्या तयार करण्यास प्रारंभ केला. १९२९ मध्ये हा व्यवसाय ॲबिंग्डन येथे आला. सिड एनेव्हर यांच्या नेतृत्वाखाली विकसित झालेली एमजीबी सप्टेंबर १९६२ मध्ये सादर करण्यात आली. दोन आसनांच्या या उघड्या गाडीला कापडी टप होता. १९६५ मध्ये कायमचे छप्पर असलेली 'जीटी' ही आवृत्ती बाजारात आली.

गाडीत १७९८ घनसेंटिमीटर क्षमतेचे, चार सिलिंडरचे 'बी-सिरीज' इंजिन बसवण्यात आले. ९५ अश्वशक्तीच्या या इंजिनामुळे गाडी ताशी सुमारे १६० किलोमीटर वेग गाठत असे. भारतीय वाचकांना हे इंजिन अगदीच परके नाही. पश्चिम बंगालमधील उत्तरपारा येथे हिंदुस्थान मोटर्सने तयार केलेल्या ॲम्बेसेडर गाडीत अनेक वर्षे वापरले गेलेले १४८९ घनसेंटिमीटरचे पेट्रोल इंजिन याच कुळातील होते. ज्या मेकॅनिकने ॲम्बेसेडरचे टॅपेट जुळवले आहेत, त्याला एमजीबीचे बॉनेट उघडल्यावर बरेच काही ओळखीचे दिसेल.

सप्टेंबर १९७९ मध्ये ॲबिंग्डनमध्ये एमजीच्या तेथील वास्तव्याची ५० वर्षे साजरी झाली आणि लगेचच, १० सप्टेंबर रोजी, कारखाना बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला. ऑक्टोबर १९८० मध्ये शेवटची एमजीबी कारखान्याबाहेर पडली. त्यानंतर या गाड्यांचे जतन ही मुख्यतः मालकांचीच जबाबदारी ठरली.

गंज : सर्वांत मोठा शत्रू

एमजीबीपूर्वीच्या एमजीए या गाडीला स्वतंत्र चासी होती. एमजीबीत मात्र चासी आणि बॉडी एकसंध आहेत. दोन्ही दरवाजांच्या खालून, पुढच्या चाकामागून मागच्या चाकापर्यंत पत्र्याची एक पोकळ पेटी जाते. तिला सिल म्हणतात. उघड्या गाडीला छताचा आधार नसल्याने गाडी मधोमध वाकू न देण्याचे काम प्रामुख्याने ही पेटीच करते. ती आतून गंजली, तर बाहेरचा रंग कितीही चकचकीत असला तरी गाडीचा कणा कमकुवत झालेला असतो.

चाकांनी उडवलेला चिखल पुढील मडगार्डच्या आत साचतो आणि ओलावा धरून ठेवतो. तेथून गंज सिलमध्ये शिरतो. सिलच्या तळाशी पाणी निचरण्यासाठी असलेली छिद्रे बुजली, तर पाणी आतच राहते. हिवाळ्यात ब्रिटनमधील रस्त्यांवर बर्फ वितळवण्यासाठी मीठ टाकले जाते. त्यामुळे ही प्रक्रिया अधिक वेगाने होते. कोकण आणि गोव्याच्या किनारपट्टीवर खाऱ्या दमट हवेने पत्रा कसा खाल्ला जातो, हे पाहिलेल्यांना याची कल्पना येऊ शकेल.

गाडी खरेदी करताना पुढील बाबी तपासणे आवश्यक मानले जाते. दरवाजा आणि बॉडी यांमधील फट वरपासून खालपर्यंत सारखी असावी. फट वरच्या बाजूस निमुळती होत असेल, तर गाडी मध्यभागी खचल्याची शक्यता असते. जॅक लावून गाडी उचलल्यावर ही फट बदलत असेल किंवा दरवाजा अडकू लागला, तर ती धोक्याची सूचना समजावी. पत्र्यावर चुंबक फिरवून पाहावे. जेथे ते चिकटत नाही, तेथे गंजलेला भाग लांबी किंवा पुट्टी भरून झाकलेला असू शकतो. आसनांमागील बॅटरीचे खण, पायाखालचा पत्रा आणि मागील पाट्यांचे पुढचे टोक जेथे बॉडीला जोडलेले असते ती जागा, यांची तपासणीही तितकीच महत्त्वाची आहे.

सिल बदलण्याचे काम जाणकाराकडेच सोपवावे. जुना भाग कापण्यापूर्वी दरवाजाच्या मोकळ्या जागेत लोखंडी आधार वेल्डिंगने पक्का करावा लागतो. तसे न केल्यास बॉडी वाकते आणि नवा सिल त्या वाकलेल्या स्थितीतच कायमचा जोडला जातो. गंजलेल्या पत्र्यावर केवळ नवा पत्रा चढवून वेळ मारून नेण्याचा प्रकार यापेक्षाही घातक ठरतो. तो बाहेरून दिसत नाही आणि पुढच्या मालकाला फार उशिरा कळतो.

इंजिन आणि कार्बोरेटर

सुरुवातीच्या इंजिनांत क्रँकशाफ्टला तीन मुख्य बेअरिंगचा आधार होता. १९६४ च्या अखेरीपासून पाच बेअरिंगचे इंजिन देण्यात येऊ लागले आणि ते अधिक टिकाऊ ठरले. इंजिनासाठी २०डब्ल्यू-५० प्रकारचे ऑइल सर्वसाधारणपणे वापरले जाते. आधुनिक गाड्यांसाठीचे अतिशय पातळ ऑइल या इंजिनासाठी योग्य नाही. गिअरबॉक्समध्येही इंजिन ऑइलच घालावयाचे असते, ही बाब नव्या मालकांना अनेकदा ठाऊक नसते.

इंजिनाला एसयू कंपनीचे दोन कार्बोरेटर आहेत. इंजिन जेवढी हवा ओढते, त्यानुसार कार्बोरेटरमधील दट्ट्या वरखाली होतो आणि त्याला जोडलेली सुई पेट्रोलचे प्रमाण ठरवते. दट्ट्याच्या वरच्या नळीत थोडे ऑइल असावे लागते. ते संपले, तर ॲक्सिलरेटर दाबताच गाडी अडखळते. केवळ या कारणासाठी कार्बोरेटर खोलण्याची गरज नसते. दोन्ही कार्बोरेटर सारख्याच प्रमाणात हवा घेत आहेत ना, हे पाहण्यासाठी रबरी नळीचे एक टोक कानाशी आणि दुसरे कार्बोरेटरच्या तोंडाशी धरून आवाजाची तुलना करण्याची जुनी पद्धत आजही प्रचलित आहे.

टॅपेटमधील अंतर, डिस्ट्रिब्युटरमधील पॉइंटचे अंतर आणि ठिणगीची वेळ यांची तपासणी ठरावीक काळाने करावी. पॉइंटचे अंतर इंचाच्या पंधरा सहस्रांश इतके ठेवले जाते. ही सर्व कामे काही पाने, फीलर गेज आणि कंपनीची मूळ दुरुस्ती-पुस्तिका यांच्या साहाय्याने घरच्या घरी करता येतात. या गाडीच्या लोकप्रियतेचे हे एक प्रमुख कारण होय.

विद्युत यंत्रणा

जुन्या ब्रिटिश गाड्यांतील ल्युकास कंपनीच्या विद्युत यंत्रणेची विनोदाने बरीच निर्भर्त्सना झाली आहे. प्रत्यक्षात अनेक बिघाडांचे मूळ गंजलेल्या जोडण्यांत आणि सैल अर्थिंगमध्ये असते. जोडण्या स्वच्छ करून घट्ट बसवल्यास बऱ्याच तक्रारी दूर होतात. सुरुवातीच्या गाड्यांत केवळ दोन फ्यूज होते. त्यामुळे काही मालक हेडलाइटसारख्या उपकरणांसाठी अधिकचे फ्यूज आणि रिले बसवून घेतात.

१९६७ पर्यंतच्या गाड्यांत बॅटरीचे धन टोक गाडीच्या पत्र्याला जोडलेले असे. अशा गाडीत आजचा रेडिओ किंवा चार्जर न पाहता जोडल्यास तो जळण्याची शक्यता असते. त्यानंतरच्या गाड्यांत ऋण टोक पत्र्याला जोडण्यात आले आणि डायनॅमोऐवजी अल्टरनेटर आला. १९७४ पर्यंत सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आसनांमागे बसवल्या जात. पुढे १२ व्होल्टची एकच बॅटरी देण्यात आली.

इंधनाचा विजेवर चालणारा पंप गाडीच्या मागील भागात आहे. किल्ली फिरवताच त्याची टकटक ऐकू येते आणि कार्बोरेटर भरले की ती थांबते. टकटक थांबत नसेल, तर पेट्रोल गळत आहे किंवा टाकी रिकामी आहे, असे समजावे.

वंगण, ब्रेक आणि टायर

पुढील चाकांच्या किंगपिनला प्रत्येक बाजूस तीन ठिकाणी ग्रीस द्यावे लागते. मूळ वेळापत्रकानुसार हे काम दर ३ हजार मैलांनी, म्हणजे सुमारे ४८०० किलोमीटरनंतर, करावयाचे असते. ग्रीस देताना गाडी जॅकवर उचलून चाकावरील भार काढल्यास ते आतपर्यंत पोहोचते. या कामाकडे दुर्लक्ष झाल्यास स्टिअरिंग जड होते आणि किंगपिन झिजतात. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेत असल्याने ते सुमारे दोन वर्षांनी बदलणे हिताचे असते.

अशा गाड्या वर्षाकाठी फार कमी धावतात. त्यामुळे टायरची नक्षी शाबूत राहते, पण रबर कडक होऊन तडकते. टायरवरील निर्मितीचा आठवडा आणि वर्ष दर्शवणारे चार अंक पाहूनच त्याचे वय ठरवावे. आऱ्यांची चाके असलेल्या गाड्यांत चाक बसवण्याच्या दातेरी तुंब्याची झीजही तपासावी.

इंधनाचा प्रश्न

ब्रिटनमध्ये १९९९ च्या अखेरीस शिसेयुक्त पेट्रोलची सर्वसाधारण विक्री थांबली. शिशामुळे व्हॉल्व्हच्या बैठकीचे रक्षण होत असे. त्यामुळे अनेक मालकांनी इंजिनात कठीण धातूच्या बैठका बसवून घेतल्या. सप्टेंबर २०२१ मध्ये ग्रेट ब्रिटनमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेले ई-१० पेट्रोल हे सर्वसामान्य इंधन झाले. इथेनॉलमुळे जुन्या रबरी नळ्या खराब होऊ शकतात. शिवाय ते ओलावा शोषून घेत असल्याने उभ्या गाडीची लोखंडी टाकी आतून गंजण्याची भीती असते. यावर नव्या प्रकारच्या नळ्या बसवणे, कमी इथेनॉलचे पेट्रोल वापरणे आणि इंधन दीर्घकाळ साठून न ठेवणे, हे उपाय केले जातात. भारतात पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट २०२५ मध्ये गाठले गेले. त्यामुळे हा प्रश्न येथील जुन्या वाहनांच्या मालकांसमोरही आहे.

कायद्यातील तरतुदी

ब्रिटनमध्ये ४० वर्षांहून जुन्या गाडीला अर्ज केल्यानंतर रस्ता करातून सूट मिळते. २० मे २०१८ पासून अशा गाड्यांना, त्यांत मोठे फेरफार केलेले नसल्यास, वार्षिक तपासणीतूनही सवलत देण्यात आली. मात्र गाडी सुरक्षित ठेवण्याची कायदेशीर जबाबदारी मालकावरच राहते. म्हणूनच सवलत असूनही काही मालक स्वेच्छेने तपासणी करून घेतात.

भारतात केंद्रीय रस्ते वाहतूक आणि महामार्ग मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात जतन केलेल्या दुचाकी आणि चारचाकी वाहनांसाठी स्वतंत्र नियम अधिसूचित केले. त्यानुसार अशा वाहनांना 'व्हीए' ही अक्षरे असलेला नोंदणी क्रमांक मिळतो आणि नोंदणी दहा वर्षांसाठी वैध असते. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल यांसाठी ही वाहने रस्त्यावर आणता येतात. नियमित प्रवासासाठी किंवा व्यवसायासाठी त्यांचा वापर करता येत नाही.

सुटे भाग आणि कौशल्य

एमजीबी टिकून राहण्यामागे सुट्या भागांची उपलब्धता हे मोठे कारण आहे. 'ब्रिटिश मोटर हेरिटेज' या संस्थेने मूळ साचे शोधून काढले आणि १९८८ मध्ये एमजीबीची संपूर्ण नवी बॉडी तयार करून विक्रीस आणली. उत्पादन बंद झालेल्या गाडीची बॉडी पुन्हा नवीन मिळू लागणे ही असाधारण घटना होती. १९३० मध्ये स्थापन झालेल्या एमजी कार क्लबचे मुख्यालय ॲबिंग्डनमध्येच असून, या क्लबमुळे मालकांना तांत्रिक माहिती आणि परस्परांचा अनुभव उपलब्ध होतो.

भाग मिळत असले, तरी ते बसवणारे हात कमी होत आहेत. नव्या पिढीतील मेकॅनिकचे शिक्षण संगणकाद्वारे दोष शोधण्याच्या पद्धतीवर आधारलेले आहे. आवाजावरून दोष ओळखणे, कार्बोरेटर जुळवणे, पत्रा ठोकून आकारास आणणे ही कौशल्ये पुस्तकापेक्षा सहवासातूनच शिकावी लागतात. त्यामुळे आपल्या गाडीचे काम स्वतः शिकणारा आणि केलेल्या प्रत्येक दुरुस्तीची तारीखवार नोंद ठेवणारा मालक हा या गाडीच्या आयुष्यातील महत्त्वाचा दुवा ठरतो.

गाडी झाकून ठेवणे म्हणजे तिचे जतन करणे नव्हे, हेही लक्षात घेतले पाहिजे. उभ्या गाडीचे ब्रेक जाम होतात, क्लचची प्लेट चिकटते, पेट्रोल शिळे होते आणि ओल्या जागेत गंज शांतपणे वाढत राहतो. इंजिन काही मिनिटे सुरू करून बंद केल्यानेही लाभ होत नाही. उलट आत ओलावा साचतो. इंजिन पूर्ण तापेपर्यंत ठरावीक काळाने गाडी चालवणे, ती धुतल्यावर कोरडी करणे, पोकळ भागांत गंजरोधक मेण फवारणे आणि वर्षातून एकदा तरी खालून नीट पाहणे, एवढे केल्यास सामान्य माणसासाठी बनवलेली ही गाडी पुढील पिढीच्या हाती सुस्थितीत सोपवता येते.