दसऱ्याला निघायचं, मृगाआधी परतायचं : हंगामी शिपाई टिकला कसा?



पीकपाण्याच्या नोंदी आज बाजूला ठेवतो. बऱ्याच दिवसांपासून एक विषय डोक्यात आहे. आपल्याकडे टेरिटोरियल आर्मी आहे, ९ ऑक्टोबर १९४९ पासूनची. त्यात जाणाऱ्या माणसाचा पोटापाण्याचा धंदा वेगळा असतो. वर्षातले काही आठवडे तो वर्दी घालतो, गरज पडली तर जास्त दिवस, आणि मग परत आपल्या कामाला. अशा अर्धवेळ शिपायाची अडचण जगात सगळीकडे एकच. तो पूर्ण फौजेचा नसतो, म्हणून त्याला धरून ठेवणं अवघड. घरचं काम बुडालं, पगार लटकला, साहेब नीट वागला नाही, की पुढच्या वर्षी गडी येत नाही.

या प्रश्नाचं उत्तर आपल्याच मातीत साडेतीनशे वर्षांपूर्वी शोधलं गेलं होतं. तेही शेतीचं कॅलेंडर समोर ठेवून.

शिवाजी महाराजांच्या फौजेत सगळेच हंगामी नव्हते, हे आधी सांगतो. गडावरची शिबंदी बारमाही. सरकारी घोड्यावर बसणारा बारगीर पागेचा माणूस. पण मावळातले हशम, म्हणजे पायदळ, आणि स्वतःचं घोडं घेऊन येणारे शिलेदार, यातले बरेचसे मुळात शेतकरी. कृष्णाजी अनंत सभासदाने राजाराम महाराजांच्या काळात जिंजीला बसून बखर लिहिली. त्यात फौजेचं वेळापत्रक स्वच्छ आहे. पावसाळ्यात लष्कर आपल्या मुलखात छावणीला. तिथे दाणा, वैरण, औषधं आणि राहायला छपरं आधीच तयार. दसरा झाला की छावणीतून कूच. आठ महिने परमुलखात मुलूखगिरी, आणि पाऊस तोंडावर आला की माघारी.

आता हे शेतकऱ्याच्या नजरेने बघा. मावळात भात, नाचणी, वरई, सगळं पावसावर. आवणीला घरात माणूस हवाच, चिखलणीला तर हवाच हवा. दसऱ्याच्या सुमाराला हळवं भात कापणीला येतं, गरवं दिवाळीच्या पुढे. कापणी-झोडणी घरातली बाकीची माणसं उरकतात. त्यानंतर पाट नाही, बागायत नाही, खाचरं मोकळी. रान पुन्हा माणूस मागतं ते राब भाजायला आणि धूळवाफेच्या कामाला, म्हणजे थेट उन्हाळ्यात. मधले महिने तरण्या गड्याने करायचं काय? देशावर थोडं वेगळं. तिथे शाळू पेरून दसऱ्याला निघता येतं, काढणी मागे राहिलेल्यांच्या गळ्यात. आणि पावसाळ्यात तशीही लढाई अवघडच. नद्या भरलेल्या, दारू भिजलेली, घोड्याचे पाय काळ्या रानात रुतलेले. लष्कराची अडचण आणि शेताची गरज एकाच चार महिन्यांत येत होती. त्या योगायोगावर अख्खी व्यवस्था बसवली गेली.

तारखा ताडून बघा. अफझलखान नोव्हेंबर १६५९. सुरत जानेवारी १६६४ आणि पुन्हा ऑक्टोबर १६७०. कोंढाणा फेब्रुवारी १६७०. साल्हेर १६७२च्या सुरुवातीला. अपवाद आहेत. सिद्दी जौहरने १६६०च्या पावसाळ्यातही पन्हाळ्याचा वेढा उठवला नाही. तो उठवेल अशी अपेक्षा होती, कारण बाकी सगळे उठवायचे. महाराजांची कर्नाटकाची स्वारीही वर्षाच्या वर चालली. पण नेम तो नेम.

नुसतं सुट्टीच्या वेळेवर माणूस टिकत नाही, हेही खरं. मला सभासदाच्या बखरीतली सर्वांत मोलाची नोंद वाटते ती पगाराची. लष्करातला माणूस रयत म्हणून जी जमीन कसत असेल, तिचा सारा त्याच्या पगाराच्या हिशेबात वळता करायचा, आणि उरलेल्या रकमेची वरात खजिन्यावर द्यायची. म्हणजे सरकारच्या वहीत एकाच माणसाच्या नावावर दोन खाती. एकीकडे तो शेतसारा देणं लागतो, दुसरीकडे सरकार त्याला पगार देणं लागतं. दोन्हींची वजाबाकी करून हिशेब मिटवायचा. शिपाई शेतकरीच होता याला याहून मोठा पुरावा काय हवा? त्यातला फायदाही बघा. मधल्या पाटील-देशमुखाला साऱ्याच्या नावाखाली त्याला नाडायची संधी कमी. वसुलीसाठी गावंच्या गावं तोडून देण्याची मोकाशाची पद्धतही महाराजांनी टाळली. माणसाला पगार राजाकडून मिळतोय हे त्याला दिसत होतं.

लुटीचंही तसंच. छावणीतून निघताना प्रत्येकाच्या सामानाची यादी व्हायची. परतताना पुन्हा झडती. जास्त निघालं तर ते सरकारजमा, किंवा किंमत पगारातून वजा. वाचताना वाटतं, अरे, जीव धोक्यात घालून आणलेलं काढून घेतलं तर गडी नाराज होईल. पण शेजारच्याने गुपचूप थैली भरली आणि आपण प्रामाणिक राहिलो, यातून येणारी नाराजी त्याहून वाईट असते. सोसायटीत कर्ज फेडणारा आणि थकवणारा एकाच रांगेत उभे राहिले की काय होतं ते आपण बघतोच.

आणि मेला तर? अफझलखानाच्या लढाईनंतरची व्यवस्था सभासदाने लिहिली आहे. पडलेल्याचा मुलगा असेल तर त्याला चाकरीत घेऊन चालवायचं. मुलगा नसेल तर बायकोला निम्मं वेतन. जखमीला जखम पाहून होन, पंचवीसपासून दोनशेपर्यंत. घर चालवणारा कर्ता माणूस दसऱ्याला उंबरा ओलांडतो तेव्हा त्याच्या आणि त्याच्या म्हातारीच्या डोक्यात पहिला प्रश्न हाच असणार.

उरला मागे राहिलेला गाव. ५ सप्टेंबर १६७६चं प्रभावळीच्या सुभेदाराला, रामाजी अनंताला, लिहिलेलं पत्र कृषी विभागाच्या प्रत्येक कचेरीत लावावं असं आहे. गावोगाव फिरा, कुणबी गोळा करा. ज्याच्याकडे माणूसबळ आहे पण बैल नाहीत त्याला बैल द्या, खायला नाही त्याला दाणे द्या. वसुली फक्त मुद्दलाची, वाढीदिढी नाही, तीही त्याला ताकद आल्यावर हळूहळू. चिपळूणजवळच्या छावणीतल्या जुमलेदार-हवालदारांना लिहिलेलं दुसरं एक पत्र तर सगळ्यांच्या तोंडी आहे. वैरण आत्ताच उधळली तर भर पावसात घोडी मरतील. मग तुम्ही कुणब्यांकडे जाल, कोणी दाणे आणील, कोणी गवत, कोणी भाजी. कुणबी घर सोडून जातील आणि म्हणतील, यांच्यापेक्षा मोगल बरे. उंदराने पेटती वात नेऊन गवताच्या गंजीला आग लागेल, इथपर्यंत काळजी. आपण हे पत्र रयतेच्या कळवळ्याचं म्हणून वाचतो आणि ते आहेच. पण ज्या कुणब्याच्या घरातली भाजी उचलली जाणार, त्याच घरातला पोरगा कुठल्या तरी जुमल्यात होता. त्याला हे कळल्यावर तो दसऱ्याला का यावा?

१६८९ नंतर ही घडी विस्कटली. संभाजी महाराज गेले, रायगड पडला, खजिना रिकामा. रोख पगार द्यायला पैसाच नाही, तर माणूस धरायचा कशाने? औरंगजेब वतनं देऊ करत होता, मग इकडूनही वतनं द्यावी लागली. माझ्या मते त्याशिवाय इलाज नव्हता. मात्र त्यानंतर शिपाई राजाचा कमी आणि सरदाराचा जास्त झाला.

तरी एक गोष्ट टिकली, घराचं अंतर. मोगली फौज दख्खनला आली ती पंचवीस वर्षं परत गेलीच नाही. बऱ्हाणपूरचा भीमसेन सक्सेना त्या छावण्यांत वावरला. त्याच्या फारसी आठवणींत तो थकवा भरून राहिलाय. १७००च्या ऑक्टोबरात खवासपूरला, म्हणजे आपल्या सांगोला तालुक्यात, माण नदीला रात्री पूर आला आणि छावणी वाहून गेली. गडबडीत बादशहाचा पाय कायमचा दुखावला. आज डाळिंबाला टँकरने पाणी घालणाऱ्या भागात हे घडलंय, सांगोलेकरांनो! मराठा शिलेदार त्या दिवसांत एक-दोन मुक्कामांवर असलेल्या आपल्या गावी जाऊन भाकरी खाऊन परत येऊ शकत होता. पगारी मोगल शिपायाचं घर हजार मैलांवर होतं.

पुढे पेशवाईत अंतराचं हे पारडं उलटं झालं. मोहिमा नर्मदेपलीकडे गेल्या, दोन-दोन वर्षं चालू लागल्या. भाऊसाहेबांची फौज मार्च १७६०मध्ये आपल्या परतूरहून निघाली. मृग आला, गेला, कोणी परतलं नाही. पावसाळा दिल्लीत गेला, यमुना दुथडी भरलेली, अब्दाली पलीकडच्या तीरावर. १९ ऑक्टोबरला दसरा झाला तो कुंजपुऱ्यात. घरून सीमोल्लंघन करायचं सोडा, घर सोडून सात महिने उलटून गेले होते. पुढे पानिपतावर अन्न तुटलं, आणि १४ जानेवारीला काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. फौज घरी गेली नाही एवढ्यामुळेच पानिपत झालं असं म्हणणारा मी नाही. रसद, राजकारण, सोबतचे यात्रेकरू, कारणं पुष्कळ आहेत.

पण जिंकलेल्याकडेही बघा. लढाई मारल्यावर अब्दालीला हिंदुस्थानात थांबता आलं असतं. त्याच्या शिपायांनी थकलेला पगार मागितला, घरी जायचं म्हणून बंडाळी केली. मार्च १७६१मध्ये, उन्हाळा तापायच्या आत, तो दिल्ली सोडून निघाला.