फ्लॅश स्मृतीचे ओळखांक

वीजपुरवठा बंद झाल्यावरही मजकूर टिकवून धरणाऱ्या व विद्युतीय रीतीने पुसता येणाऱ्या अर्धसंवाहक स्मृतीच्या प्रत्येक चिपमध्ये तिचा निर्माता व प्रकार दर्शविणारे काही अंक कारखान्यातच कायमचे घातलेले असतात. त्यांस ओळखांक म्हणतात. संगणकातील जी आज्ञावली अशा चिपशी प्रत्यक्ष व्यवहार करते व जिला व्यवहारात ड्रायव्हर हे नाव आहे, ती प्रथम हे अंक वाचते आणि चिपची धारणक्षमता, एका वेळी पुसल्या जाणाऱ्या खंडाचा आकार, पत्ता पाठविण्याची रीत इ. गोष्टी त्यांवरून ठरविते. दोन भिन्न चिपांचे ओळखांक एकच निघाले, तर ड्रायव्हर एकीला दुसरी समजून वागवितो. चुकीच्या आकाराने खंड पुसल्यास शेजारचा मजकूर नाहीसा होतो. आणि नाहीसा झालेला भाग यंत्र सुरू करणाऱ्या आज्ञावलीचा असेल, तर ते यंत्र पुन्हा सुरूच होत नाही. ओळखांकांच्या अशा टकरी व त्यांवर योजलेले उपाय यांचा इतिहास येथे दिला आहे.

ओळखांकाची कल्पना फ्लॅश स्मृतीहून जुनी आहे. डॉव फ्रोमान यांनी इंटेल कंपनीत १९७१ मध्ये जंबुपार किरणांनी पुसता येणारी ईप्रॉम ही स्मृती तयार केली. ती लिहिण्यास नेहमीपेक्षा बराच अधिक विद्युत् दाब लागे व तो पिढीगणिक बदलत गेला. २७१६ या चिपला २५ व्होल्ट, २७६४ ला २१ व्होल्ट, तर तिच्याच सुधारित २७६४ए या आवृत्तीला १२·५ व्होल्ट दाब लागत असे. बाह्यतः सारख्या दिसणाऱ्या दोन चिपांपैकी दुसरीवर पहिलीचा दाब दिला, तर ती निकामी होण्याचा धोका असे. म्हणून अशी सोय करण्यात आली की, नवव्या पत्त्याच्या तारेवर सु. १२ व्होल्ट दाब दिला असता चिपने आपला मजकूर बाजूस ठेवून दोन बाइट द्यावेत : पहिला निर्मात्याचा व दुसरा प्रकाराचा. लेखनयंत्राने त्यांवरून योग्य दाब निवडावा, एवढाच यात हेतू होता. चिपला जगात एकमेव असे नाव द्यावे, हा विचार त्यामागे नव्हता. पुढील बहुतेक अडचणींचे मूळ येथे आहे.

निर्मात्यांचे अंक वाटून देण्याचे काम जेडेक या अमेरिकेतील मानक संस्थेकडे असून तिची यादी जेईपी १०६ या क्रमांकाने ओळखली जाते. अंकाचे सात बिट निर्मात्याचे असतात व आठवा बिट असा ठेवतात की, बाइटमधील १ या आकड्यांची एकूण संख्या विषम व्हावी. इंटेलचा मूळ अंक ०९. त्यात १ हा आकडा दोनदा येत असल्याने आठवा बिट जोडून तो षोडशमान पद्धतीने ८९ असा होतो. सात बिटांच्या १२८ अंकांतून शून्य व ७एफ हे दोन वगळले की १२६ उरतात. ते संपल्यावर ७एफ या अंकास ‘पुढील यादी पाहा’ असा अर्थ देण्यात आला. ज्या कंपनीचा अंक दुसऱ्या यादीत आहे तिच्या चिपने आधी एकदा ७एफ व नंतर आपला अंक द्यावा, तिसऱ्या यादीतील कंपनीच्या चिपने ७एफ दोनदा द्यावा, असा नियम झाला. नियम सुटसुटीत होता, पण तो पाळला गेला नाही. ईऑन कंपनीचा अंक ७एफ १सी असा असताना तिच्या अनुक्रमी चिप नुसतेच १सी देतात. पहिल्या यादीत १सी हा अंक मित्सुबिशीचा आहे.

कंपन्यांच्या खरेदी-विक्रीनेही गुंता वाढला. एएमडीचा ०१ हा अंक स्पॅन्शन कंपनीकडे आला. २०१५ मध्ये स्पॅन्शन सायप्रेसमध्ये विलीन झाली व २०२० मध्ये सायप्रेस इन्फिनिऑनच्या मालकीची झाली. एसटी कंपनीचा २० हा अंक २००८ मध्ये न्यूमॉनिक्सकडे व २०१० मध्ये मायक्रॉनकडे गेला. त्यामुळे मायक्रॉनच्या काही चिप २० व काही तिच्या स्वतःच्या २सी या अंकाने ओळख देतात. वूहान येथील एक्सएमसी कंपनीच्या काही चिपही २० हाच अंक देतात. निर्मात्याचा अंक म्हणजे निर्माता नव्हे, हे ड्रायव्हर लिहिणाऱ्यांच्या लक्षात येण्यास बराच काळ जावा लागला.

फ्लॅश स्मृतीची कल्पना तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये सॅन फ्रॅन्सिस्को येथील परिषदेत मांडली. पुसण्याची क्रिया छायाचित्रकाराच्या प्रकाशझोताप्रमाणे एकदम होते, म्हणून त्यांचे सहकारी शोजी आरिइझुमी यांनी हे नाव सुचविले. पुढे तिचे नॉर व नँड असे दोन प्रकार झाले. नँड प्रकार १९८७ मध्ये जाहीर झाला, तर इंटेलने १९८८ मध्ये नॉर प्रकारच्या चिप बाजारात आणल्या. ईप्रॉम मंडलातून काढून पुसावी लागे. फ्लॅश स्मृती जागच्या जागी पुसता येते. म्हणजे ओळखांक वाचण्याचे काम कारागिराच्या लेखनयंत्राकडून संगणकातील ड्रायव्हरकडे आले. चूक झाल्यास चिप बदलून दुसरी बसविणारा माणूस आता समोर नव्हता.

प्रत्येक नव्या चिपची नोंद ड्रायव्हरच्या कोष्टकात करीत राहणे कष्टाचे होते. त्यावर इंटेल, एएमडी, फुजित्सू व शार्प या कंपन्यांनी सीएफआय ही पद्धत काढली व १९९९ मध्ये जेडेकने ती मानक म्हणून स्वीकारली. तीत ५५ या पत्त्यावर ९८ हा अंक लिहिला की चिप ‘क्यू आर वाय’ ही तीन अक्षरे व पाठोपाठ आपल्या खंडांचे वर्णन देते. नावाऐवजी वर्णन मागावे, ही यातील कल्पना. परंतु वर्णनेही चुकू लागली. काही चिपांत लहान आकाराचे खंड स्मृतीच्या आरंभी, तर काहींत शेवटी असतात. एएमडीच्या सुरुवातीच्या चिपांच्या वर्णनावरून हे लहान खंड नेमके कोणत्या टोकाला आहेत ते विश्वासाने कळत नसे. लिनक्स या संगणक-प्रणालीतील ड्रायव्हरने तेव्हा जुन्या आवृत्तीच्या वर्णनावर विसंबणे सोडले व प्रकाराच्या अंकातील एका बिटावरून आरंभ की शेवट हे ठरविण्यास सुरुवात केली. जो ओळखांक टाळण्यासाठी वर्णनाची पद्धत निघाली, त्याचीच साक्ष वर्णन दुरुस्त करण्यासाठी काढावी लागली.

नँड प्रकारात अडचण वेगळी होती. तेथे प्रकाराचा अंक मुख्यतः क्षमता, विद्युत् दाब व तारांची संख्या सांगतो आणि तो सर्व निर्मात्यांना समान असतो. डीसी म्हणजे ३·३ व्होल्टची, ८ तारांची, ४ गिगाबिट क्षमतेची चिप. पृष्ठाचा व खंडाचा आकार आणि प्रत्येक पृष्ठाला जोडलेला राखीव भाग यांची माहिती पुढील बाइटांत असते. मात्र त्यांचा अर्थ निर्मात्यागणिक बदलतो. तोशिबाच्या टीसी५८एनव्हीजी२एस०एफ व तिच्या जागी आलेल्या टीसी५८एनव्हीजी२एस०एच या चिपांचे पहिले पाच बाइट तंतोतंत सारखे आहेत : ९८ डीसी ९० २६ ७६. तथापि पहिलीत ४,०९६ बाइटांच्या पृष्ठामागे २२४ व दुसरीत २५६ बाइटांचा राखीव भाग आहे. स्मृतिघटक ३२ नॅनोमीटरवरून २४ नॅनोमीटरपर्यंत बारीक झाल्याने अधिक चुका दुरुस्त करण्याची सोय करावी लागली व ती याच भागात असते. दोघींतील फरक सहाव्या बाइटच्या शेवटच्या तीन बिटांत सापडतो. ते घडणीची पिढी सांगतात. लिनक्सच्या कोष्टकात अशा परस्परविसंगत चिपांची नोंद पूर्ण आठ बाइटांनिशी करून ती सर्वांत आधी ठेवली आहे, म्हणजे सर्वांत नेमकी जुळणी प्रथम सापडते. वर्णनाची ओएनएफआय ही पद्धत नँडसाठी २००६ मध्ये निघाली. परंतु सॅमसंग व तोशिबा हे दोन प्रमुख निर्माते तीत सामील झाले नाहीत आणि कोष्टकाची गरज संपली नाही.

अनुक्रमी नॉर चिप म्हणजे आठ टाचण्यांची, संगणकाच्या मुख्य पटलापासून दूरदर्शन संचापर्यंत सर्वत्र आढळणारी लहान चिप होय. ९एफ ही आज्ञा दिली असता ती तीन बाइट देते : निर्माता, प्रकार व क्षमता. क्षमता दोनच्या घातांकात असते. १९ हा षोडशमान अंक म्हणजे २५, यावरून २ चा २५ वा घात, म्हणजे ३,३५,५४,४३२ बाइट. हे तीन बाइट लवकरच अपुरे पडले. स्पॅन्शनच्या ०१ २० १८ या ओळखांकाखाली १२८ मेगाबिटच्या अनेक चिप निघाल्या. त्यांपैकी काही २५६ किलोबाइटांच्या खंडांनी, तर काही ६४ किलोबाइटांच्या खंडांनी पुसल्या जातात. पहिल्या प्रकारची चिप दुसऱ्या प्रकारची समजून एक खंड पुसला, तर त्यालगतचे तीन खंडांएवढे क्षेत्र सोबत कोरे होते आणि ड्रायव्हरला त्याचा पत्ताही लागत नाही. चौथा व पाचवा बाइट वाचल्यावर ०३ ००, ०३ ०१, ४डी ०० व ४डी ०१ अशा चार शाखा वेगळ्या झाल्या. नंतरच्या चिपांसाठी ८० किंवा ८१ हा सहावा बाइटही पाहावा लागला. एका गावात एकाच नावाची माणसे वाढली की आधी वडिलांचे नाव व मग आडनाव जोडावे, तसा हा प्रकार झाला.

जोडण्यास पुढचे नावच नाही, ही खरी कठीण स्थिती मॅक्रॉनिक्स कंपनीच्या एमएक्स२५एल२५६३५ई व एमएक्स२५एल२५६३५एफ या चिपांनी उभी केली. दोघींचा ओळखांक सी२ २० १९ हाच आहे. जुन्या चिपच्या जागी नवी बसवून जुनी आज्ञावली तशीच चालावी, या दृष्टीने निर्मात्याला हे सोयीचे असते. नवी चिप ‘मी तीच आहे’ असे सांगते व जुन्या आज्ञांपुरते ते खरेही असते. फरक नव्या आज्ञांत आहे. पूर्वापार आज्ञांबरोबर तीन बाइटांचा पत्ता जातो व त्याने १,६७,७७,२१६ बाइटांपर्यंतच पोहोचता येते. या चिप त्याच्या दुप्पट क्षमतेच्या आहेत. ई आवृत्तीला त्यासाठी एक आज्ञा देऊन चार बाइटांच्या पत्त्याच्या अवस्थेत न्यावे लागते आणि पुन्हा सांगेपर्यंत ती त्याच अवस्थेत राहते. अशा वेळी यंत्र अकस्मात पुन्हा सुरू झाले व चिपचा वीजपुरवठा खंडित झाला नाही, तर आरंभीची आज्ञावली तीन बाइटांचा पत्ता पाठविते, चिप चौथ्याची वाट पाहते आणि यंत्र तेथेच थांबते. एफ आवृत्तीत चार बाइटांच्या पत्त्यासाठी स्वतंत्र आज्ञाच असल्याने अवस्था बदलावी लागत नाही. मात्र त्या आज्ञा ई आवृत्तीला दिल्यास तिला त्या समजत नाहीत. म्हणजे दोन्हींना ई समजावे तर नवीचा लाभ जातो व तो धोका राहतो. दोन्हींना एफ समजावे तर जुनी चिप चालत नाही.

याची सोडवणूक २०१८ च्या अखेरीस लिनक्सच्या ड्रायव्हरमध्ये झाली. अनुक्रमी चिपांसाठी एसएफडीपी हे वर्णनाचे मानक जेडेकने २०११ मध्ये प्रसिद्ध केले होते. ५ए या आज्ञेने त्याचे कोष्टक वाचता येते. एफ आवृत्तीच्या कोष्टकात आज्ञा, पत्ता व मजकूर हे तिन्ही चार तारांवरून पाठवून वाचण्याची सोय असल्याची खूण आहे; ई आवृत्तीत ती नाही. या खुणेचा पत्त्याच्या लांबीशी काहीही संबंध नाही. तरीही ती दिसली की चिप एफ आवृत्तीची मानावी, असे ठरविण्यात आले. हा पुरावा परिस्थितिजन्य म्हणावा लागेल. पण दुसरा उपलब्ध नव्हता. याच सुमारास आयएसएसआय कंपनीच्या आयएस२५एलपी२५६ या चिपचे उलट उदाहरण पुढे आले : चार बाइटांच्या पत्त्याच्या आज्ञा तिला समजतात, पण तिचे वर्णन मात्र तीनच बाइट चालतील असे सांगते. तेथे वर्णन खोडून कोष्टकातील नोंद ग्राह्य धरावी लागली.

फ्लॅशरॉम या आज्ञावलीने वेगळा मार्ग धरला आहे. लिनक्सबायोस प्रकल्पातून निघालेली ही आज्ञावली मुख्य पटलावरील चिप वाचण्यासाठी व पुन्हा लिहिण्यासाठी वापरतात. एकाच ओळखांकास अनेक नोंदी जुळल्यास ती काम थांबविते, जुळलेली नावे दाखविते व वापरणाऱ्याने त्यांतील एक निवडावे असे सांगते. माणूस चिपवर छापलेले अक्षर भिंगातून वाचू शकतो. ड्रायव्हरला ते शक्य नाही व यंत्र सुरू होत असताना त्याला विचारण्यास कोणी नसते. म्हणून हा सरळ मार्ग ड्रायव्हरला मोकळा नाही.

७एफ या अंकाचा एक अनपेक्षित उपयोग २०२४ मध्ये झाला. ईएसएमटी कंपनीच्या काही अनुक्रमी नँड चिप निर्मात्याचा सी८ हा अंक देतात व गिगाडिव्हाइस कंपनीच्या चिपही तोच देतात. ईएसएमटीच्या चिप मात्र दोन बाइटांनंतर ७एफ तीनदा देतात. नियमानुसार हे ७एफ आधी यावयास हवे होते. लिनक्सच्या कोष्टकात पाचही बाइट नोंदविल्याने दोन कंपन्यांच्या चिप वेगळ्या ओळखता येऊ लागल्या. त्याच वर्षी मॅक्रॉनिक्सच्या एमएक्स२५एल३२०५डी व एमएक्स२५एल३२३३एफ या सी२ २० १६ ओळखांकाच्या जोडीचा प्रश्न हाती घेण्यात आला. यांतील पहिली चिप वर्णनाच्या मानकापूर्वीची असल्याने तिच्यात कोष्टकच नाही. तेव्हा आधी वर्णन मागावे, ते मिळाले तर नवी चिप व न मिळाल्यास जुनी समजून ड्रायव्हरमधील नोंदीवर चालावे, असा क्रम सुचविण्यात आला. जिला ५ए ही आज्ञा कधी शिकविलेलीच नाही, तिला ती देणे कितपत सुरक्षित आहे, हा प्रश्न प्रत्येक जुन्या चिपच्या बाबतीत वेगळा तपासावा लागतो.