घोडे, समुद्र आणि खिचडी

आधीच सांगून टाकतो, कोकणात रानटी घोडे नाहीत. काशीदला नाहीत, गुहागरला नाहीत, गोव्यातही नाहीत. किनाऱ्यावर जे घोडे दिसतात त्यांच्या पाठीवर खोगीर असतं आणि शेजारी फेरीचा भाव सांगणारा मालक असतो.

हे सांगायची वेळ आली ती ऑफिसच्या ग्रुपवर फिरलेल्या एका फोटोमुळे. वाळू, मागे लाटा, आणि तीन तपकिरी घोडे आपल्याच नादात चाललेले. खाली कुणीतरी लिहिलं, 'डिसेंबरची ट्रिप इथेच!' मग औरंगपुऱ्यात चहाच्या टपरीवर उभं राहून आम्ही 'इथे' म्हणजे नक्की कुठे याचा शोध लावला. ते निघालं असाटीग नावाचं बेट, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर. म्हणजे आमच्या बजेटच्या जरा बाहेर :) न्यू जर्सीतल्या मित्राला फोन केला तर तो म्हणाला, आम्ही पोरांना घेऊन तिथेच जायचं ठरवतोय. तो जाणार असाटीगला, आम्ही रेवदंड्याला. दोन्ही ट्रिपांसाठी वाचायला बसलो आणि अख्खा शनिवार त्यात गेला.

तर मंडळी, आपल्याकडे लढाईचा चांगला घोडा समुद्रावरून यायचा. दख्खनमध्ये तट्टं होती, पण सुलतानांना आणि विजयनगरच्या रायांना हवे असायचे ते अरबस्तान-इराणकडचे उंच घोडे. ते होर्मुझहून जहाजात चढायचे आणि चौल, दाभोळ, गोवा अशा बंदरांत उतरायचे. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतलं तेव्हा त्यांनी हा व्यापार आपल्या मुठीत आणण्याची धडपड केली ती उगाच नाही. घोड्यांवरची जकात हे त्यांचं मोठं उत्पन्न होतं, आणि घोडे कुणाला द्यायचे हे ज्याच्या हातात, त्याच्याशी विजयनगर आणि आदिलशाही दोघंही गोड बोलणार!

त्याआधीची एक गोष्ट तर भन्नाट आहे. तेराव्या शतकाच्या शेवटी मार्को पोलो ठाण्याबद्दल लिहितो की इथल्या राजाचं समुद्री चाच्यांशी साटंलोटं आहे. करार असा, की लुटीत जे घोडे सापडतील ते राजाचे, बाकीचा माल चाच्यांचा. सोनंनाणं राहू दे, घोडे तेवढे द्या! (ठाणेकरांनी रागावू नये. मार्को पोलोचं सगळंच खरं धरायचं नसतं.)

पण माझा आवडता माणूस अफनासी निकितिन. रशियातल्या त्वेर गावचा व्यापारी, १४७० च्या आसपास चौलला उतरला. बरोबर माल म्हणजे एक घोडा. एकच! होर्मुझहून इथवर गलबतात सहा आठवडे लागले असं तो लिहितो. आपण स्लीपर कोचमध्ये बारा तासांत कंटाळतो. चौलहून पालीमार्गे घाट चढून जुन्नरला पोचायला त्याला आणखी तीन आठवड्यांहून जास्त लागले. घोडा जुन्नरपर्यंत धडधाकट आणला आणि त्यापायी आपले शंभर रूबल गेले, हे त्याने हिशेबी माणसासारखं नोंदवून ठेवलंय.

जुन्नरला तो पावसाळाभर अडकला. तिथल्या असदखानाने त्याचा घोडा काढून घेतला आणि अट घातली: इस्लाम स्वीकार, घोडाही परत देतो आणि वर हजार मोहरा देतो. नाहीतर घोडा गेलाच, शिवाय हजार मोहरांचा दंड. मुदत चार दिवस. शेवटी खुरासानचा एक खोजा मध्ये पडला, त्याने खानाची समजूत काढली आणि घोडा परत मिळाला. पुढे निकितिनने तो बिदरला विकला. आळंदच्या बाजारात वीस हजार घोडे विक्रीला येतात असंही तो लिहितो. हे आळंद आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातलं, सोलापूरपासून फार लांब नाही.

आता खिचडी. निकितिन म्हणतो, या देशात घोडे जन्मत नाहीत, बैल आणि म्हशी जन्मतात. आणि मग सांगतो की इथे घोड्यांना हरभरे देतात, साखर-तेल घालून खिचडी शिजवून खाऊ घालतात. मार्को पोलोने पार दक्षिणेत, तमिळ किनाऱ्यावर, याहून अजब प्रकार लिहून ठेवलाय: घोड्यांना मांस घातलेला शिजवलेला भात! राजा दरवर्षी हजारो घोडे विकत घेतो आणि वर्षाअखेर त्यातले शंभरसुद्धा उरत नाहीत, कारण त्यांची निगा कशी राखायची हे कुणाला ठाऊक नाही, असं त्याचं म्हणणं. आकडे फुगवलेले असतील, पण दमट हवा आणि भलतं खाणं घोड्याला मानवत नाही यात काही खोटं नाही. घोड्याचं पोट दिवसभर थोडं थोडं गवत चरण्यासाठी बनलेलं आहे. एकदम धान्य पडलं की पोटशूळ उठतो, खूर सुजून येतात. आणि घोड्याला उलटी करता येत नाही. आत गेलं ते गेलं.

म्हणजे बघा, एवढा मोलाचा प्राणी, त्याला आपण माणसाचं उत्तमातलं उत्तम खाणं देत होतो. प्रेमानेच देत होतो.

इतके घोडे उतरले, मग आपल्या किनाऱ्यावर एखादा कळप रानात का नाही राहिला? माझा अंदाज असा की त्यांना मोकळं सुटायची संधीच मिळाली नाही. प्रत्येक घोड्यामागे पैसा, जकात, मालक. शिलेदार म्हणजे ज्याचा घोडा स्वतःचा, बारगीर म्हणजे ज्याला घोडा सरकारातून मिळतो. आपल्या फौजेची भाषासुद्धा घोडा कुणाचा यावरूनच ठरलेली. आमच्या गावाचंच घ्या. मलिक अंबरने १६१० मध्ये वसवलेली खडकी निजामशाहीची, आणि चौल हे निजामशाहीचं बंदर. अंबरच्या पागेतले काही अरबी घोडे चौलवरूनच आले असणार, आणि चौलवर वाऱ्यावर सोडून द्यायला कुणी काही त्यांना सहा आठवडे समुद्रातून आणलं नव्हतं.

असाटीगला नेमकं उलटं झालं. तिथली लोकप्रिय कथा अशी की एक स्पॅनिश जहाज फुटलं आणि घोडे पोहत बेटावर आले. २०२२ मध्ये या कथेला थोडा टेकू मिळाला. हैतीत सापडलेला, आधी गाईचा समजून ठेवलेला सोळाव्या शतकातला एक दात घोड्याचा निघाला, आणि त्याची डीएनएवरून सर्वांत जवळची नाती जुळली ती याच बेटावरच्या घोड्यांशी. दुसरी कथा कमी रोमँटिक आहे: सतराव्या शतकात मुख्य भूमीवरच्या शेतकऱ्यांनी जनावरांवरचा कर आणि कुंपणाचा खर्च चुकवायला घोडे बेटावर नेऊन सोडले. मला ही जास्त पटते. समुद्र, घोडा आणि कर... इकडे काय, तिकडे काय!

मालक विसरले आणि घोडे उरले. खाऱ्या दलदलीतलं गवत खाऊन ते बुटके झाले, मीठ फार जातं म्हणून पाणी ढसाढसा पितात आणि पोटं टम्म दिसतात. पण टिकले. बेट दोन राज्यांत वाटलेलं आहे. मेरीलँडकडचा कळप राष्ट्रीय उद्यान खात्याचा. व्हर्जिनियाकडचा चक्क गावच्या अग्निशमन दलाचा! दर जुलैच्या शेवटच्या बुधवारी हे दल कळप खाडीतून पोहत पलीकडे आणतं आणि दुसऱ्या दिवशी शिंगरांचा लिलाव होतो. त्यातून दलाला पैसे मिळतात आणि कळप दीडशेच्या आत राहतो.

मित्राला मी सांगितलं की तो जुलैतला आठवडा टाळ. गर्दी तर असतेच, आणि उन्हाळ्यात तिथले डास आपल्या डासांना लाजवतील. ऑक्टोबर बरा. घोड्यापासून चाळीस फूट लांब राहायचा नियम आहे, म्हणजे जवळपास एका एसटीच्या लांबीएवढं. घोडा स्वतःहून जवळ आला तर मागे सरकायचं ते आपण. खाणं गाडीत बंद ठेवायचं. त्याचा सात वर्षांचा मुलगा फोनवर विचारत होता, सफरचंदही नाही द्यायचं? नाही रे बाबा. असाटीगच्या दक्षिणेला, नॉर्थ कॅरोलिनात कोरोला नावाचं गाव आहे, तिथेही असेच घोडे आहेत. २०२० मध्ये तिथलं एक शिंगरू घशात सफरचंद अडकून गेलं. कुणीतरी प्रेमानेच दिलं असणार. शिवाय खाऊची सवय लागलेला घोडा रस्त्यावर येतो आणि गाडीखाली सापडतो.

आमच्या ट्रिपचा प्रश्न वेगळा. रेवदंडा-नागावकडचे घोडे रानटी नाहीत, ते पोटासाठी राबतात, आणि त्यांच्यावर मालकाचं घर चालतं. मुंबईत उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये घोड्यांच्या व्हिक्टोरिया गाड्या बेकायदा ठरवल्या तेव्हा जनावरांच्या हालांइतकाच या घरांचाही प्रश्न पुढे आला होता. त्यामुळे 'बसूच नका' असं मी सरसकट म्हणणार नाही. पण खोगिराखाली जखम आहे का, घोडा लंगडतोय का, सावली आणि पाण्याची बादली कुठे दिसते का, एवढं बघायला दोन मिनिटं लागतात. दुपारच्या तापल्या वाळूत नको. नव्वद किलोच्या मोठ्या माणसांनी तर नकोच (ग्रुपमधल्या दोघांना कळलं असेल). आणि बिस्किटाचा पुडा खिशातच ठेवा.

तर बेत असा. शुक्रवारी रात्री निघायचं, साधारण चारशे किलोमीटर. शनिवारी रेवदंड्याचा किल्ला, तिथेच निकितिनचं स्मारक, मग चौल. त्याच्यावर १९५७ मध्ये 'परदेसी' नावाचा भारत-रशिया सिनेमा निघाला होता, नर्गिस आहे त्यात, तो आदल्या आठवड्यात बघून घ्या. रविवारी पाली करत घाट चढून जुन्नर, म्हणजे थेट निकितिनच्या मागोमाग. त्याला तीन आठवडे लागले, आपल्याला अर्धा दिवस. जुन्नरहून आळेफाटा, अहिल्यानगर आणि रात्री उशिरा घर. दोन गाड्या आहेत, तीन जागा शिल्लक.