गाळ, कोळसा, राख

चपला काढून हातात घ्या, नाहीतर इथंच रुततील. तुम्ही चंद्रपुरातच आहात, फक्त साधारण २७ कोटी वर्षं आधी. हा भूभाग अजून दक्षिण गोलार्धात आहे. गवत नाही, फूल नाही, पाखरूही नाही. वाऱ्यानं जिभेच्या आकाराची पानं गळतायत; ही ग्लॉसॉप्टेरिसची झाडं.

नदी फुगली आहे. वरून वाहून आणलेली झाडं, फांद्या, पाला ती इथल्या खोलगटात टाकते आणि त्यावर गाळ पसरते. पुन्हा पाला, पुन्हा गाळ. ओंजळभर उचलून बघा. काळ्या पाल्यात बारीक माती अशी मुरली आहे की वेगळी करता येत नाही. पाल्याचा कोळसा होणार आणि मातीची राख. आपल्या कोळशात ३५-४० टक्के राख असते, धुतला तरी पुरती निघत नाही, असं इंजिनिअर सांगतात. निघेल कशी, ती मुळापासूनच आत बसली आहे. एक गुण मात्र आहे. इथं समुद्राचं पाणी शिरलेलं नाही, म्हणून कोळशात गंधक कमी. हे लक्षात असू द्या.

आता पंधराव्या शतकात या. अंगभर फोड आलेला गोंड राजा खांडक्या बल्लाळशाह शिकारीला आला आहे. झरपट नदीच्या डोहात तो तोंड धुतो आणि फोड बरे होतात, अशी दंतकथा. खरी मानायची की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, पण झरपटीचं पाणी आत्ताच पिऊन घ्या, नंतर प्यावंसं वाटणार नाही. राजाच्या पायाखालच्या कोळशाच्या खडकांना पुढे भूशास्त्रज्ञ गोंडवाना म्हणणार आहेत. नाव गोंडांच्या मुलखाचंच, पण राजाला त्याची गंधवार्ता नाही.

ऑक्टोबर १९८४. पंतप्रधान इंदिरा गांधी महाऔष्णिक वीज केंद्राचं उद्घाटन करायला आल्या आहेत. पहिले दोन संच २१० मेगावॅटचे. तुम्हीही टाळ्या वाजवा, मीही वाजवल्या असत्या. शेजारी खाण, जवळ इरई धरण, हाताला काम. याहून सोयीची जागा कुठली? त्याच धरणाचं पाणी शहरही पितं, आणि २०१० च्या उन्हाळ्यात ते आटलं की संच बंद ठेवावे लागतील, हे आज कुणाच्या मनात नाही.

आणि आता आजची सकाळ, केंद्राशेजारच्या दुर्गापूरची एक गच्ची. केंद्र २९२० मेगावॅटचं झालंय. कठड्यावरून बोट फिरवा. करडं, मऊ, पिठासारखं. तीच ओंजळ.

एक युनिट वीज म्हणजे पाऊण किलोच्या आसपास कोळसा, म्हणजे पाव किलोहून जास्त राख. बहुतेक राख चिमणीआधीच विजेनं भारलेल्या पत्र्यांना चिकटते. हातोडे पत्रे ठोकतात, ती खाली पडते. काही सिमेंटला जाते. काही पाण्यात कालवून नळांतून राखेच्या तळ्यात सोडतात. तिथं तिचा पुन्हा चिखल होतो. उन्हाळ्यात तळं सुकलं की वारा तो उचलतो आणि दोरीवरच्या धोतरावर आणून ठेवतो.

२००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं देशातल्या औद्योगिक पट्ट्यांचं प्रदूषण मोजलं, तेव्हा चंद्रपूर ८३.८८ गुणांनी चौथं आलं. शाळेत असते तर पेढे वाटले असते. डिसेंबर २०१५ मध्ये औष्णिक केंद्रांच्या धुरासाठी कडक नियम आले, दोन वर्षांची मुदत मिळाली, आणि मग मुदतीमागून मुदत. २०२५ च्या जुलैत देशातल्या बहुतेक केंद्रांना गंधक रोखणाऱ्या यंत्रणेतून सूटच मिळाली. आपल्या कोळशात गंधक कमी, हे त्यामागचं एक कारण. समुद्र इथवर आला नव्हता, त्याचा असा उपयोग झाला. राखेबाबत मात्र गाळ आणणाऱ्या त्या पहिल्या नदीची काहीच साक्ष आपल्या बाजूनं नाही.

गच्ची उतरा. चंद्रपूरजवळून ५०० किलोव्होल्टची एक लाइन पश्चिमेला जाते, १९९९ पासून. तिच्या मनोऱ्यांखालून चालत निघालात तर ७५२ किलोमीटरवर, मुंबईच्या उंबऱ्याशी, पडघ्याला पोहोचाल.