चौकाचा पांढरा रंग

लाकूड, रंधा, जोड आणि कोरीवकाम ह्यांविषयी आपल्या सुतार ज्ञातीत जेवढ्या आवडीने बोलले जाते, तेवढे रंगाविषयी बोलले जात नाही. रंग हा कामाचा शेवट. तो कोणीही द्यावा, अशीच पुष्कळांची समजूत दिसते. त्यामुळे आज आपल्या घरोघरी मुलेमुली हौसेने माठ, सूप, ओढणी, चौरंग, लग्नाच्या मंडपाचा पडदा अशा नाना वस्तू रंगवितात, तेव्हा सर्वांवर एकाच डब्यातील रंग चढतो. वर्षभरात माठावरचा पोपडा सुटतो, ओढणीवरची रेषा तडकते, चौरंग चिकट होतो, आणि दोष मात्र रंगाच्या कारखान्याला दिला जातो. वस्तुतः कोणत्या वस्तूस कोणता रंग हा प्रश्न आपल्या परिसरात फार पूर्वी सोडविला गेलेला आहे. आणि तो सोडविणाऱ्यांत वाणगावच्या पूर्वेकडील पाड्यांतील वारली स्त्रियांचा मान मोठा आहे. त्यांच्या पांढऱ्या रंगाचा इतिहास ज्ञातिबंधुभगिनींसमोर ठेवावा, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

वारल्यांच्या लग्नात घराच्या आतील भिंतीवर चौक काढला जातो. चौकाच्या मध्यभागी पालघट देवी, शेजारी लहान देवचौकात पंचशिऱ्या देव, आणि सभोवार झाडे, पशुपक्षी, नाचणारी माणसे. हा चौक सवाशिणींनी काढावयाचा आणि धवलेरीने गाणी म्हणून लग्न लावावयाचे, अशी रीत. भिंत कारवीच्या काठ्यांची. तिच्यावर माती आणि शेण ह्यांचा लेप, त्यावर गेरूचा हात. पांढरा रंग म्हणजे तांदूळ भिजवून वाटलेले पीठ व पाणी. कुंचला म्हणजे टोकाशी चावून मऊ केलेली बांबूची काडी. कुंकवाचे व हळदीचे थोडे ठिपके सोडले, तर दुसरा रंग नाही.

वरकरणी हे दारिद्र्याचे लक्षण वाटेल, आणि त्यात दारिद्र्य नव्हते असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये. परंतु रंगकामाच्या दृष्टीने पाहिले तर ही निवड अत्यंत नेमकी आहे. मातीची भिंत सच्छिद्र असते. ती पाणी शोषून घेते व पिठाचे कण आपल्या अंगावर धरून ठेवते. तेलाचा रंग अशा भिंतीवर दिला, तर त्याची कातडी वर तयार होते, भिंत आत ओलसर राहते, आणि पहिल्या पावसाळ्यातच कातडी मातीसकट सुटून येते. गेरू हे लोखंडाचे ऑक्साइड. उन्हाने ते विटत नाही, शेणामातीशी त्याचे वाकडे नाही. तांदळाच्या पांढऱ्याची तर आणखी एक गंमत आहे. काडीने ओढलेली रेषा ओली असताना जवळजवळ दिसतच नाही. ती वाळू लागली की हळूहळू पांढरी होत वर येते. रांगोळीऐवजी पिठाचे पाणी वापरून उंबऱ्यावर ठिपके देणाऱ्या आपल्या घरच्या वडीलधाऱ्या बायकांनाही हा अनुभव आहे. कारण असे की, पिठाचा कण स्वतः काचेसारखा अर्धपारदर्शक असतो; कणाकणांमध्ये हवा शिरली म्हणजे प्रकाश विखुरतो आणि डोळ्याला पांढरे दिसते. त्याच पिठात तेल घातले तर कण आणि तेल प्रकाशाला जवळजवळ सारखेच वागवितात, आणि पांढऱ्याऐवजी मळकट, धूसर लेप हाती येतो. खडूच्या भुकटीचेही असेच होते. पाण्यातला पांढरा तेलात चालत नाही हे कारागीर जाणतात. त्याचे मूळ येथे आहे.

ह्या रंगात एक उणीव आहे, ती म्हणजे टिकाऊपणाची. न शिजविलेल्या पिठाला चिकटपणा फारसा नसतो. हात लागला की ते झडते, दमट हवेत त्याला बुरशी येते, किडे त्यावर जगतात. पण चौक टिकावा अशी अपेक्षाच कोठे होती? लग्न झाले की त्याचे काम झाले. पुढच्या सारवणात तो जाई, आणि पुढच्या लग्नाला नवा काढला जाई. जी वस्तू जावयाची आहे तिला जाणारा रंग, हा ह्या निवडीतला विवेक होय. गणेशमूर्तीच्या बाबतीत आपण तो विसरलो. शाडूची मूर्ती पाण्यात विरघळते आणि तिच्यावरचा तेलरंग तेवढा तरंगत राहतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळास २०१० मध्ये, व पुन्हा सुधारून २०२० मध्ये, मूर्तिविसर्जनासंबंधी मार्गदर्शक सूचना काढाव्या लागल्या व त्यांत विषारी रंग टाळण्यास सांगावे लागले.

येथे एक गोष्ट नमूद केल्यावाचून पुढे जाता येत नाही. ज्या लग्नासाठी हा चौक काढला जाई, त्याच लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवराबायको सावकाराच्या शेतावर बिनमोल राबत. त्या प्रथेला लग्नगडी म्हणत. १९४५ साली गोदावरी परुळेकर व शामराव परुळेकर ह्यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी उठाव केला आणि वेठबिगारीबरोबर लग्नगडीची प्रथाही मोडून काढली. गोदावरीबाईंचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक आपल्या तरुण वाचकांनी अवश्य वाचावे. त्या काळच्या लग्नात जे काही कर्जाने आणले जाई त्याची किंमत आयुष्यभर फेडावी लागे. चौकाचे साहित्य मात्र अंगणातली माती, गोठ्यातले शेण आणि मूठभर तांदूळ. सवाशिणीच्या काडीला सावकाराकडून काही आणावे लागत नव्हते. आपल्या मंडपाच्या पडद्यावर वारली नक्षी काढून घेताना ही आठवण असावी, असे मला वाटते. कारण नक्षी सुंदर आहे म्हणून ती निनावी होत नाही.

भिंतीवरचा हा रंग कागदावर कसा आला, हा ह्या इतिहासाचा दुसरा भाग. चित्रकार भास्कर कुलकर्णी हे १९६६-६७ च्या दुष्काळात बिहारमधील मिथिलेस गेले होते. तेथील स्त्रियांना त्यांनी भिंतीऐवजी कागदावर चित्रे काढावयास दिली, म्हणजे ती विकता येतील व घरात दोन पैसे येतील. पुढे १९७० नंतरच्या वर्षांत हस्तकला मंडळाच्या कामानिमित्त ते आपल्या भागात आले. येथेही कागद आला. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे हे त्यावेळी पुढे आले. तोपर्यंत चौक हे सवाशिणींचे काम. पुरुषाने लग्नावाचून, रोज, मनाला येईल ते चित्र काढावे ही नवीनच गोष्ट होती. म्हसे ह्यांची चित्रे १९७५ साली मुंबईत केमोल्ड गॅलरीत मांडली गेली, पुढे १९८९ मध्ये पॅरिसच्या एका मोठ्या प्रदर्शनात गेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते निवर्तले.

ह्या कीर्तीच्या कथेत रंगाची अडचण कोणी सांगत नाही, आणि आमच्यासारख्या कारागिरांना तीच अधिक महत्त्वाची वाटते. कागद ही भिंत नव्हे. तो वाकतो, गुंडाळला जातो, टपालाने जातो. त्यावर शेणामातीचा जाड लेप दिला तर भेगा पडतात. नुसत्या पिठाची रेषा घडीवर झडते. आणि विकत घेणाऱ्याला तर चित्र वर्षानुवर्षे टिकावयास हवे. म्हणजे जो रंग लग्नाच्या भिंतीला सर्वस्वी योग्य, तो विक्रीच्या कागदाला अयोग्य ठरला. मग पिठात झाडाचा डिंक आला. डिंकाने कण धरून ठेवला, पण डिंक पाण्यात पुन्हा विरघळतो. त्यानंतर बाटलीतला पांढरा पोस्टर रंग आला. त्यातही बांधणारे द्रव्य बहुधा डिंकाच्याच जातीचे. शेवटी ॲक्रिलिक आले, जे पाण्यात कालवावे पण वाळल्यावर पाण्याला दाद देत नाही व कापडाबरोबर वाकते. म्हसे ह्यांच्या उत्तरकालीन पुष्कळ चित्रांची नोंद शेण आणि ॲक्रिलिक असे साहित्य सांगून केलेली आढळते. ही तडजोड मला मोठी शहाणपणाची वाटते. खालची भूमी त्यांनी आपल्या पाड्याची ठेवली आणि वरचा पांढरा रंग बदलला. पृष्ठभागाचा पोत, काडीची ओढ, रेषेचा मंदपणा ही सारी त्या शेणाच्या भूमीतून येतात. पांढऱ्या गुळगुळीत पत्र्यावर लाल तेलरंग मारून त्यावर पांढऱ्या मार्करने काढलेल्या चित्राला वारली म्हणावयाचे असेल तर म्हणावे, पण त्यात जीव येत नाही.

ह्या पांढऱ्या रंगाची वंशावळही पाहण्यासारखी आहे. युरोपातील चित्रकार शतकानुशतके शिशाचा पांढरा वापरीत. तो दाट असे, पण विषारी. जस्ताचा पांढरा १८३४ पासून पाण्याच्या रंगात विकला जाऊ लागला. टिटॅनियमचा पांढरा विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकात बाजारात आला. त्याचा कण प्रकाश इतका वाकवितो की तो तेलात, डिंकात वा ॲक्रिलिकमध्ये कोठेही पांढराच राहतो. आजच्या बाटलीतील पांढरा म्हणजे बहुधा हाच.

आता आपल्या धंद्याकडे वळू. लाकूड हे मातीसारखे शोषणारे, पण त्याशिवाय हलणारे. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. म्हणून दाराच्या बाहेरच्या बाजूस अस्तर देऊन तेलरंगच द्यावा. जवसाच्या तेलाचा थर लाकडाबरोबर थोडा ताणला जातो. देव्हाऱ्याला व आतल्या सामानाला स्पिरिटमध्ये विरघळविलेल्या चपडा लाखेचे पॉलिश शोभते, कारण त्यातून लाकडाची रेषा दिसते. पण गरम चहाचा पेला ठेवला की पांढरे वर्तुळ उमटते, म्हणून जेवणाच्या मेजाला ते देऊ नये. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांवर लाखेची जी झळाळी असते, ती वेगळ्या रीतीची. कातावर वस्तू फिरत असता तिच्यावर रंगीत लाखेची कांडी दाबावयाची. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडात भिनते. तेथे कुंचल्याचा संबंधच नाही. त्याच सावंतवाडीच्या गंजिफांना मात्र चिंचोक्याची खळ व खडूचे अस्तर देऊन, घोटून, मग रंग व शेवटी लाखेचा हात देतात, कारण खेळताना पत्ता हातात घासला जातो. सातपाटीच्या होड्यांना मुशीच्या यकृताचे तेल पाजीत; खाऱ्या पाण्याशी ज्याची गाठ, त्याला झळाळीपेक्षा तेल मुरणे महत्त्वाचे.

भिंतीविषयी एक व्यावहारिक सूचना, कारण आता सर्वांची घरे सिमेंटची झाली आहेत. नव्या गिलाव्यावर घाईने तेलरंग देऊ नये. गिलाव्यातील चुन्याच्या क्षारामुळे तेलाचा अक्षरशः साबण होतो व रंग चिकट होऊन सुटतो. आपले आजोबा चुन्यात नीळ घालून भिंत रंगवीत, ती निव्वळ गरिबी नव्हती. अल्ट्रामरीन नीळ चुन्याला टिकते, पुष्कळ दुसरे निळे टिकत नाहीत.

येथवर वाचून जुने ते सारे उत्तम असा अर्थ कोणी काढील, तर तो बरोबर नाही. जुन्या चित्रकारांचा हिंगूळ पाऱ्याचा, हरताळ सोमलाचा. दोन्ही सुंदर, दोन्ही विषारी. उलटपक्षी बाजारच्या चकचकीत तेलरंगांत शिसे असे. भारतात घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशाची मर्यादा दशलक्ष भागांत ९० भाग अशी १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्यापूर्वी रंगविलेले पाळणे, पांगुळगाडे आपल्या कित्येक घरांत माळ्यावर आहेत व नव्या नातवंडासाठी ते खाली काढले जातात. आपल्याच हातची वस्तू म्हणून अभिमान योग्य आहे. पण बाळ पाळण्याचा कठडा चावते. जुना रंग कोरडा घासू नये, त्याची धूळ पोटात जाते. पाणी लावून ओल्या पॉलिशकागदाने काढावा, खाली कागद अंथरून तो कचरा वेगळा बांधून टाकावा, त्या वेळी मुले व गरोदर स्त्रिया घरात नसाव्यात. नंतर मुलांच्या खेळण्यांसाठी म्हणून विकला जाणारा शिसेविरहित रंग द्यावा, किंवा नुसत्या चपडा लाखेचे दोन हात द्यावेत व ते पुरते वाळू द्यावेत.

माठावर वारली नक्षी काढावयाची असल्यास प्रथम तो पाण्याचा की शोभेचा हे ठरवावे. पाण्याच्या माठाला बाहेरून ॲक्रिलिकचा सलग थर दिला, तर त्याची छिद्रे बुजतात व पाणी गार होत नाही. त्यावर गेरूचा हात आणि पिठाच्या चार रेषा पुरेत, त्या पुसल्या जातील व पुन्हा काढाव्या लागतील. ओढणीला कापडाचेच ॲक्रिलिक घ्यावे आणि वाळल्यावर उलट्या बाजूने इस्त्री करावी. मंडपाच्या भिंतीवर खरा चौक हवा असेल, तर गंजाडकडच्या पाड्यांवर आजही कलाकारांची कुटुंबे आहेत. त्यांना मानाने बोलवावे, मजुरी आधी ठरवावी, आणि लग्नपत्रिकेवर मंडपवाल्याचे नाव येते तेथे त्यांचेही घालावे. तांदूळ आपल्या घरचा द्यावा, आदल्या रात्री भिजत घालून.