बांधावरचा दगड मोबाइलवर

आज आपल्या भागातल्या जुन्या दगडांबद्दल बोलू या, आणि ते मोबाइलच्या पडद्यावर का आणायचे याबद्दलही.

घारापुरी आपल्याच उरण तालुक्यात आहे. तिथले मोठे लेणे सहाव्या शतकातले. 1987 साली युनेस्कोने ते जागतिक वारसा यादीत घेतले. जगभरचे लोक ते बघायला येतात, पण आपल्या घरातल्या किती आजींनी ते पाहिले आहे? आधी होडी, मग शंभराहून जास्त पायऱ्या. गुडघे दुखणाऱ्या बाईला ते कसे जमावे? आता लेण्याची चारी बाजूंनी टिपलेली चित्रे मोबाइलवर मिळतात. बोट फिरवले की खांब दिसतात, छत दिसते, तीन मुखांच्या सदाशिवासमोर उभे राहता येते. 2013 साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण आणि गूगल यांनी देशातल्या शंभर स्मारकांची अशी चित्रे काढायचे ठरवले होते. यालाच आभासी सहल म्हणतात.

हे केवळ घरबसल्या बघण्यासाठी नाही. घारापुरीच्या लेण्यात पूर्वी एक शिलालेख होता. पोर्तुगीजांनी तो काढून आपल्या राजाकडे पाठवला. दिओगो दो कौतो या त्यांच्याच इतिहासकाराने ही हकिकत लिहून ठेवली आहे. लेख वाचणारा कुणी भेटला नाही आणि पुढे दगडच हरवला. त्याचा ठसा कुणी घेतलेला नव्हता. त्यामुळे लेणे कोणी कोरवले, हे आजही अभ्यासकांना अंदाजाने सांगावे लागते. बेटावरचा दगडी हत्तीही तसाच गेला. त्याच्यावरूनच परक्यांनी बेटाला एलिफंटा म्हटले. 1864 साली त्याला इंग्लंडला न्यायच्या खटपटीत तो फुटला. तुकडे जोडून उभा केलेला तो हत्ती आज भायखळ्याला आहे.

आता ज्याची नक्कल राहिली, अशा एका दगडाची गोष्ट. उरणजवळच्या चाणजे इथे शिलाहार राजा अपरादित्याचा शके 1060 चा, म्हणजे इसवी सन 1138च्या सुमाराचा लेख मिळाला. अभ्यासकांनी तो वाचून छापला. राजाने आपली आई लीलादेवी हिच्या पुण्यासाठी नागूम गावातले शेत दान दिले, असे त्यात आहे. हे नागूम म्हणजे उरणजवळचे नागाव, असे अभ्यासक मानतात. पावणेनऊशे वर्षांपूर्वीच्या एका आईचे नाव आणि एका शेताचा दाखला आपल्याला कळतो, तो अक्षरे जपली म्हणून. दगडावरचा सातबाराच म्हणा ना.

जमिनीच्या कागदाची किंमत जासईला कुणी समजावून सांगायला नको. 1970 नंतर नवी मुंबईसाठी 95 गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या. त्यांच्या योग्य मोबदल्यासाठी जासईचे सुपुत्र दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन उभे राहिले. 16 आणि 17 जानेवारी 1984ला गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मे झाले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमिनीचा हक्क आला. मोर्चात बायकाही होत्या, पण त्यांच्या आठवणी किती लिहिल्या गेल्या?

शेतावर भराव पडला, बंदर आले, रस्ते आले, 2024 साली अटल सेतू आला. शेत गेले की बांधही जातो आणि बांधावरचा कोरीव दगड डंपरमध्ये जाऊ शकतो. म्हणून आपले आभासी प्रदर्शन गावापासून सुरू व्हावे. त्याला मोठा खर्च नाही. वीरगळ, गधेगाळ, जुने जाते, मिठागराची अवजारे, जे असेल त्याभोवती फिरत पुष्कळ फोटो काढा. प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा थोडा भाग यायला हवा. अशा फोटोंवरून संगणकाला वस्तूची घनाकृती बनवता येते. अक्षरे पुसट असतील तर संध्याकाळी बॅटरीचा उजेड एका बाजूने, तिरपा टाका. खाचांत सावली पडते आणि अक्षर उठून दिसते. दगड घासू नका, त्यावर खडू किंवा रंग लावू नका. शेजारी मोजपट्टी ठेवा. गावाचे नाव आणि तारीख लिहा. सुटी मूर्ती असेल तर नेमकी जागा सगळ्यांना कळवू नका, चोरीची भीती असते. ती पुरातत्त्व खात्याला कळवा.

फोटोसोबत आवाजही हवा. मिठागरात मीठ कसे ओढायचे, खाडीच्या भातशेतीचा बांध कसा राखायचा, 1984च्या त्या दोन दिवसांत घरात काय चालले होते, हे सांगणाऱ्या बाया अजून गावात आहेत. त्यांची परवानगी घेऊन त्यांच्याच बोलीत रेकॉर्ड करा. त्यांची भाषा सुधारू नका.

पडद्यावरचे चित्र म्हणजे दगड नव्हे, हे खरेच. दगड जागेवर राहावा यासाठी भांडावेच लागेल. पण भांडायलाही पुरावा लागतो. या रविवारी घरातल्या नातीला मोबाइल घेऊन आजीजवळ बसवा आणि पहिला प्रश्न विचारायला सांगा: आजी, आपले शेत कुठे होते?