परवाना नसलेला आवाज

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. आधी डोळ्याचं ऑपरेशन, मग पावसाळा, मग नुसताच आळस. पण गेल्या महिन्यात एक गोष्ट घडली, ती मनातून जाईना. म्हटलं, लिहून टाकावी.

मोबाईल हातातून पडला, काच फुटली. पाटणच्या स्टँडजवळ दुरुस्तीचं दुकान आहे, तिथं गेलो. दुकानदार मला बघून उठून उभाच राहिला. "सर, ओळखलंत का? दोन हजार सालची नववी." मी ओळखलं होतं, म्हणूनच पोटात जरा कालवलं. काच बसवता बसवता तो सहज म्हणाला, "सर, आमचा तो सेट अजून आहे का हो शाळेच्या कपाटात?"

आता हा सेट कसला, ते सांगायचं तर जरा मागं जावं लागेल.

११ ऑगस्ट २००० रोजी उषा मेहता गेल्या. मी तेव्हा तालुक्यातल्या एका शाळेत इतिहास शिकवायचो. पुस्तकात बेचाळीसच्या चळवळीवर जेमतेम दोन पानं. त्या दिवशी पुस्तक मिटून ठेवलं आणि पोरांना काँग्रेस रेडिओची गोष्ट सांगितली.

गोष्ट अशी. ९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे सगळे मोठे पुढारी तुरुंगात गेले. वर्तमानपत्रांवर बंधनं आली. आपल्या सातारा जिल्ह्यात काय चाललं होतं ते बघा. २४ ऑगस्टला कऱ्हाडच्या कचेरीवर मोर्चा, ३ सप्टेंबरला तासगावला, ९ सप्टेंबरला वडूजला आणि १० ला इस्लामपूरला. वडूज आणि इस्लामपूरला गोळीबार झाला, माणसं मेली. पण मुंबईतल्या माणसाला हे कळणार कुठून, आणि चिमूरला काय झालं ते आपल्याला कोण सांगणार? सरकारी रेडिओ तर सरकारचंच सांगणार!

अशा वेळी बावीस वर्षांची उषा मेहता आणि तिचे सोबती, बाबूभाई खाकर, चंद्रकांत झवेरी वगैरे मंडळींनी मुंबईत चोरून रेडिओ केंद्र काढलं. ऑगस्टच्या अखेरीस ते सुरू झालं. राममनोहर लोहियांचा त्याला आधार होता. आवाज यायचा ४२.३४ मीटरवरून, आणि पत्ता सांगितला जायचा "हिंदुस्थानात कुठूनतरी" असा. पोलिसांच्या गाड्या लहरींचा माग काढत फिरायच्या, म्हणून ही मंडळी बिऱ्हाड बदलत राहायची. चौपाटी, लॅबर्नम रोड, सँडहर्स्ट रोड, गिरगावातली पारेखवाडी, शेवटी महालक्ष्मीचा पॅराडाइज बंगला. तिथं १२ नोव्हेंबर १९४२ ला धाड पडली. पुढे खटला चालला. १९४३ मध्ये खाकरांना पाच वर्षं, उषाबेनना चार वर्षं आणि झवेरींना एक वर्ष शिक्षा झाली.

त्यांचं यंत्र जमवून देणारे नरिमन प्रिंटर मूळचे हौशी रेडिओवाले. ज्यांना हॅम म्हणतात, त्यातले. १९३९ ला महायुद्ध सुरू झालं तसे सरकारने हौशी लोकांचे परवाने रद्द केले आणि प्रक्षेपणाची यंत्रं पोलिसांत जमा करायला लावली. तरी प्रिंटरनी १९४० मध्ये एकदा गुप्त केंद्र चालवून बघितलंच होतं. पुढे बेचाळीसला तेच आधी पोलिसांच्या हाती लागले आणि त्यांच्याकडूनच बंगल्याचा पत्ता फुटला. हेही मी पोरांना सांगितलं. इतिहासात सगळेच उषा मेहता नसतात.

एक हिशोब मात्र मला पुष्कळ उशिरा कळला. ३०० ला ४२.३४ ने भागलं की साधारण ७.०९ येतात. म्हणजे हे केंद्र सुमारे ७.०९ मेगाहर्ट्झवर होतं. हा पट्टा हॅम लोकांचा, त्याला ते 'चाळीस मीटर' म्हणतात. आजही तो त्यांचाच आहे. या लहरी वर आकाशातल्या विद्युतभारित थरावर आपटून दूरवर खाली उतरतात, म्हणून थोडक्या वॉटचा आवाज शेकडो मैल जातो. थोडक्यात काय, स्वातंत्र्याचा तो आवाज हौशी माणसांच्या वाटेनं गेला, आणि तो बेकायदा होता.

तास संपला. मागच्या बाकावरच्या एका पोरानं विचारलं, "सर, आपल्यालाबी असं करता येईल का?" मी कौतुकानं म्हणालो, "का नाही येणार?"

तीन आठवड्यांत त्यानं करून दाखवलं! एक ट्रान्झिस्टर, तांब्याच्या तारेचं वेटोळं, नऊ व्होल्टचा सेल आणि जुन्या टेपरेकॉर्डरचा माइक. सगळं साबणाच्या डबीत बसवलेलं. एफएमच्या पट्ट्यावर पहिल्यांदा त्याच्या आळीपुरतं ऐकू यायचं. मग त्यानं जोडीला आणखी एक भाग लावला, माडीवर तार चढवली, आणि आवाज पेठेपर्यंत पोचला. त्याच्या पलीकडं जाणंच शक्य नव्हतं. एफएमच्या लहरी सरळ जातात, आणि आमच्याकडं सरळ गेलं की डोंगर!

तो सांगायचा काय? किती पाऊस पडला, कुठली एस.टी. रद्द झाली, कोयनेच्या धरणातून पाणी सोडणार म्हणून नदीकाठच्यांनी जनावरं हलवावीत. मधूनच आजीच्या जात्यावरच्या ओव्या. मी स्वतः दोनदा ऐकलं. छान वाटलं हो.

आणि मग तक्रार आली. पेठेतल्या एका घरी टीव्हीवर आडव्या रेघा यायला लागल्या होत्या. कुणीतरी म्हणालं, हा गुन्हा आहे, पोलीस येतील, शाळेचं नाव जाईल. मी घाबरलो. पोराला बोलावलं, सगळ्यांसमोर झाडलं, डबी काढून घेतली आणि प्रयोगशाळेच्या कपाटात कुलूपबंद केली. तो एवढंच म्हणाला, "सर, तुम्हीच तर सांगितलं होतं." त्यावर मी त्याला आणखी बोललो.

कायद्याच्या बाजूनं मी चुकलो नव्हतो. १८८५ च्या तार कायद्यानं संदेशवहनाचा हक्क सरकारनं स्वतःकडं ठेवला होता आणि १९३३ च्या बिनतारी कायद्यानं नुसतं यंत्र बाळगायलाही परवाना लागायचा. आमच्या घरच्यांना आठवत असेल, अण्णा दरवर्षी रेडिओच्या लायसन्सची फी भरायला पोस्टात जायचे. १९६३ ला सांगली केंद्र सुरू झालं, ते ऐकायलासुद्धा परवाना! ही पद्धत १९८० च्या दशकात गेली. तो १९३३ चा कायदा मात्र पोरगं डबी बनवत होतं तेव्हाही लागू होता. हे दोन्ही जुने कायदे बाजूला सारणारा नवा दूरसंचार कायदा आला तो २०२३ मध्ये.

नियमाला कारणही असतं, ते मला नंतर वाचून कळलं. एफएमचा पट्टा १०८ मेगाहर्ट्झला संपतो आणि लगेच वर विमानांना दिशा दाखवणाऱ्या लहरींचा पट्टा सुरू होतो. घरगुती यंत्र नेमून दिलेल्या जागी स्थिर राहत नाही, सरकतं. शिवाय ते दुप्पट कंपनसंख्येवरही थोडं बोलतं. ९० वर लावलं की १८० वर त्याची सावली पडते, आणि तिथं तेव्हा दूरदर्शन होतं. त्या आडव्या रेघा बहुधा त्याच. म्हणजे तक्रार खोटी नव्हती.

पण यावर जगानं शोधलेला उपाय सरसकट बंदीचा नाही. तो मोजमापाचा आहे. अमेरिकेत एफएमच्या पट्ट्यावर, यंत्रापासून तीन मीटरवर लहरीची तीव्रता मीटरला २५० मायक्रोव्होल्टच्या आत असेल, तर परवाना लागत नाही. घर-अंगणापुरता आवाज, तेवढा तुमचा. जपानमध्ये १९८० च्या दशकात अशाच सवलतीतून गल्लीगल्लीत 'मिनी एफएम' केंद्रं निघाली. आपल्याकडंही २००५ साली २७ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या सिटिझन बँडवर पाच वॉटपर्यंत परवान्याची अट काढली, पण ती आपसातल्या बोलण्यासाठी. गावाला उद्देशून बोलायचं तर परवाना हवाच. बिहारमधल्या मन्सूरपूरच्या राघव महातो या रेडिओ मेकॅनिकनं किरकोळ खर्चात गावचं एफएम केंद्र चालवलं होतं. २००६ मध्ये त्याची बातमी जगभर गेली आणि महिन्याभरात सरकारनं ते बंद केलं.

खरं तर १९९५ मध्येच सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं होतं की लहरी ही लोकांची मालमत्ता आहे. निकालपत्र लिहिणाऱ्यांत आपले न्या. पी. बी. सावंत होते. २००२ साली शिक्षणसंस्थांना आणि २००६ साली स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओची दारं उघडली. शक्ती साधारण शंभर वॉट, अँटेना तीस मीटरपर्यंत, म्हणजे पाच-दहा किलोमीटरचा मुलूख. २००८ मध्ये आपल्याच जिल्ह्यात म्हसवडला बायकांच्या पुढाकारानं 'माणदेशी तरंग' सुरू झालं. पाऊसपाणी, शेती, गावची गाणी... म्हणजे माझ्या पोराच्या डबीतून यायचं तेच की!

दोन वर्षांचा फरक हो. त्याची डबी २००० ची, शाळा-कॉलेजांची वाट २००२ ची. पण ती आल्याचं मला कळलंच नाही, कारण मी बघितलंच नाही. आणि हॅमचा परवाना तर तेव्हाही होता. परीक्षा द्यायची, यंत्राची शक्ती मर्यादेत ठेवायची, गाणी लावायची नाहीत, फक्त दुसऱ्या हॅमशी बोलायचं. "हे बंद कर, पण ही परीक्षा दे," एवढं म्हणालो असतो तरी पुरे होतं. कायदा मी त्याला सांगितला. कायद्यातली वाट सांगितली नाही. बेचाळीसचं बेकायदा धाडस फळ्यासमोर उभं राहून रंगवून सांगायला मी पुढं होतो. तेच वर्गातून उठून पेठेत गेलं तेव्हा मी पाटलाच्या बाजूला उभा राहिलो.

तर तो सेट. २००८ ला निवृत्त होताना कपाटाचा चार्ज दिला, तेव्हा डबी हाती आली होती. सेल गळून तार हिरवी पडली होती. यादीत तिची नोंद नव्हती, म्हणून मी ती भंगारात टाकली.

दुकानात मात्र त्याला मी म्हणालो, "बघतो हं, असेल." पुढच्या सोमवारी बाजाराच्या निमित्तानं पाटणला जायचंय. त्याच्याकडं जाऊन खरं काय ते सांगणार आहे. इथं आधी लिहून ठेवलं, म्हणजे ऐनवेळी माघार घेता येणार नाही.

असो.